जोखमीची वाटणी

भांडवलशाहीविषयी आपल्याकडे वाद होतो तो बहुधा नफ्यावरून: तो किती असावा, कोणाच्या पदरात पडावा, त्यावर कर किती बसवावा. कंपन्यांचे ताळेबंद तपासण्यात माझी नोकरीची वर्षे गेली आणि त्या कामातून माझे एक मत पक्के होत गेले. नफ्याआधी जोखमीकडे पाहावे. धंदा बुडाला तर कोणाचे किती बुडणार, हे कायदा आधीच ठरवून ठेवतो, आणि या व्यवस्थेचे यश व अपयश त्या तरतुदींमध्ये जितके स्पष्ट दिसते तितके नफ्याच्या आकड्यांत दिसत नाही.

मुंबईइतके या गोष्टीचे चांगले उदाहरण देशात दुसरे नाही. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली ती अनेक व्यापाऱ्यांचे पैसे एकत्र करून. एवढे यंत्र विलायतेहून आणवण्याचा धोका एकट्याने पत्करणे कोणालाच परवडणारे नव्हते. पुढे १८५७ च्या कायद्याने भागधारकाचे दायित्व त्याच्या भागापुरते मर्यादित करण्याची सोय झाली. कंपनी बुडाली तरी भागधारकाचे घर आणि बायकोचे दागिने सुरक्षित राहू लागले, आणि अनोळखी माणसाच्या उद्योगात पैसा घालण्याचे धैर्य सामान्य व्यापाऱ्याला आले. गिरण्या, गोद्या आणि विमा कंपन्या ज्या शहरात एकामागोमाग उभ्या राहिल्या, त्या शहराच्या पायाशी ही तरतूद आहे असे मला मनापासून वाटते.

तिचा अतिरेकही इथेच झाला. अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्या पैशातून समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा सुरू झाला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि १८६८ पर्यंत बँक ऑफ बॉम्बेचेही दिवाळे निघाले. तरीही १८७५ मध्ये याच शहरात दलालांनी आपली रीतसर संघटना स्थापन केली आणि तिचा पुढे शेअर बाजार झाला.

पैसेवाल्यांना ठेच लागली की ही व्यवस्था झपाट्याने शिकते, हा तिचा मोठा गुण आहे आणि तो मान्य करताना मला जराही संकोच वाटत नाही. १९९२ च्या रोखे घोटाळ्याच्या वर्षीच शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले, १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकावरून व्यवहार सुरू झाले आणि १९९६ पासून कागदी प्रमाणपत्रांच्या जागी संगणकावर शेअरची नोंद ठेवणारी डिमॅट खाती आली. बनावट शेअर, हरवलेली प्रमाणपत्रे, सही जुळत नाही म्हणून परत आलेले कागद हा छळ थोड्या वर्षांत संपला. बँकेतील ठेवींना १९६२ पासून विम्याचे संरक्षण आहे आणि २०२० मध्ये त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. सहकारी बँक अडचणीत आल्यावर तिच्या दारात रडणारे वृद्ध ठेवीदार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या पाच लाखांचे मोल सांगावे लागत नाही.

मग प्रश्न उरतो तो एकाच नोकरीवर जगणाऱ्या माणसाचा. गुंतवणूकदार आपला पैसा दहा ठिकाणी विभागून ठेवू शकतो, कामगाराला आपले आयुष्य असे विभागता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. यंत्रे जुनी झाली होती, मालकांनी नफा पुन्हा गिरण्यांत घालणे सोडले होते, भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्त कापड निघत होते, आणि १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यामुळे कामगारांना नको असलेली एकच मान्यताप्राप्त संघटना त्यांच्या वतीने बोलत होती. संपाच्या नेतृत्वाच्या चुकांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण गिरणी बंद पडल्यावर काय झाले, त्याकडे ताळेबंद वाचणाऱ्याच्या नजरेने पाहा. मालकाच्या हाती जमीन उरली आणि तिची किंमत कापडाच्या धंद्यातून कधी मिळाली नसती इतकी वाढली. कामगाराच्या हाती थकीत देण्यांचा दावा उरला. १९९१ च्या विकास नियमावलीने या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सरकारी गृहनिर्माण संस्था असलेल्या म्हाडाला घरांसाठी मिळेल अशी व्यवस्था केली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातील रिकाम्या जागेपुरती उरली, बांधकामाखालची जमीन तिच्यातून सुटली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. घरासाठी लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. जुन्या गिरण्यांच्या लोअर परळला उतरून कामावर जाताना मला आजही या हिशेबाची चीड येते.

यावर उपाय शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. मशीद बंदर आणि दाणाबंदरच्या गोदामांत पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला ठरलेला मालक नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. मालक कोण हेच सांगता येत नसल्याने भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, पाठ मोडली तर औषधाचा पैसा नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याने प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला. कामगाराची व व्यापाऱ्याची नोंदणी मंडळाकडे होते, व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठराविक टक्के लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, मंडळात भरतो, आणि मंडळ टोळीतल्या प्रत्येकाच्या नावे मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस व वैद्यकीय खर्चाची सोय करते. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार या तिघांचेही प्रतिनिधी असतात. भागधारकांनी त्याच्या शंभरेक वर्षे आधी जे साधले होते ते हमालांनी साधले: एकट्यावर कोसळणारे नुकसान सगळ्यांत वाटले गेले.

या मंडळांत दोष आहेत. माथाडींच्या नावाने खंडणी उकळणारे लोक उद्योजकांना त्रास देतात आणि त्यांना आवर घालणे आवश्यक आहे. पण शेअर बाजारात घोटाळा झाला म्हणून कोणी शेअर बाजार बंद करा म्हणाले नाही. तिथे नियम कडक झाले आणि नोंदी संगणकावर गेल्या. इथेही तेच करावे.

कारण आज त्याच हमालाच्या जागी ॲपवरून मागवलेले जेवण पोचवणारा, पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला तरुण उभा आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे ठरलेल्या मालकाविना सुटी कामे करणारे लोक, होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत द्यावी असे म्हटले आहे, मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांपेक्षा ती अधिक असणार नाही. ही मर्यादा मला फार तोकडी वाटते. प्रत्येक फेरीची नोंद आपोआप होत असताना लेव्ही वर्षाच्या उलाढालीवर बसवण्याचे कारण नाही. ती प्रत्येक फेरीच्या मोबदल्यावर बसावी, त्याच दिवशी कामगाराच्या नावे जमा व्हावी, आणि त्याने ॲप बदलले तरी खाते त्याच्याबरोबर जावे. जेवण दोन-चार रुपयांनी महागेल. ते आपण ग्राहकांनी द्यावेत, आणि या निधीच्या मंडळावर माथाडी मंडळासारखेच स्वतः फेऱ्या मारणारे कामगार बसवावेत. १९६९ मध्ये कागदी वह्यांवर हे जमवणाऱ्या महाराष्ट्राने तो कायदा करावा, अशी माझी मागणी आहे.