नाक त्यानं नई शे

जिवंत माणसाला तासभर समोर बसवलं की तो मोबाईल काढतो. पुतळा निदान हलत तरी नाही, या आळशी हिशोबानं मी रिटायर झाल्यावर शहीद जवानांच्या पुतळ्यांची चित्रं काढायला लागलो. स्कूटर, ड्रॉइंग बोर्ड, चारकोल आणि अमळनेर-पारोळा पट्ट्यातली गावं. आतापर्यंत अकरा झाली.

आपल्याकडचे हे पुतळे बहुतेक फायबरचे, छातीपर्यंतचे. मूर्तिकाराच्या हाती आलेला असतो एक पासपोर्ट फोटो, तोही समोरून काढलेला. त्यामुळे समोरून चेहरा जमून जातो. बाजूनं बघा, सगळ्यांचं नाक एकच. त्यात दर २६ जानेवारीच्या आधी ऑइल पेंटचा एक हात बसतो. थरांवर थर चढून पापण्या बुजतात, त्या मी कागदावर उकरून काढतो.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर जॅगर नावाच्या शिल्पकारानं १९२२ मध्ये केलेला एक ब्राँझचा सैनिक आहे. मी फोटोतच पाहिलाय. खांद्यावर ओव्हरकोट, गळ्यात मफलर, आणि हातात घरून आलेलं पत्र. जॅगर स्वतः पहिल्या महायुद्धात लढून जखमी झाला होता, त्याला माहीत असणार पत्र कसं धरतात ते. रेल्वेच्या मेलेल्या अडीच हजार नोकरांसाठी तो एकटा उभा आहे, म्हणून कुणासारखाही दिसला तरी चालतं. इथं खाली नाव कोरलेलं असतं. इथं नाही चालत.

एप्रिलमध्ये एका गावात सकाळी सातलाच बसलो होतो. नंतर आमच्याकडचं ऊन कुणाला बसू देत नाही. एक म्हातारी तांब्या घेऊन आली. ओल्या फडक्यानं पुतळ्याचं तोंड पुसलं, कानामागची कबुतराची घाण नखानं खरवडली. मग माझ्या मागं येऊन उभी राहिली. बराच वेळ.

"नाक त्यानं नई शे," ती म्हणाली. "कान मातर त्यानाच शेतस."

मी रबरानं नाक पुसलं. "मंग कसं व्हतं, माय?"

तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, पुतळ्याशेजारी जाऊन बाजूला तोंड करून उभी राहिली. माझं नाक काढून होईपर्यंत हलली नाही.