बेलापूरच्या वाटेवरची हळद

पहिले दोन दिवस सलग आठवत नाहीत. मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला नगरहून हरेगावला पायी निघताना पाऊस होता, एवढं नक्की. मग डोक्यावरची प्लास्टिकची खोळ, ट्रॅक्टरने उडवलेला चिखल, पुढच्या रिक्षावरच्या कर्ण्यातून मतमाउलीची गाणी. राहुरी आली तेव्हा लक्ष्मीबाई टिळक इथं राहत होत्या हे मनात आलं, पण चहा घेतला आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी शनिवार, म्हणून जपमाळेत आनंदाची रहस्ये, म्हणजे येशूच्या जन्माचे आणि बालपणाचे प्रसंग. जपमाळ माझ्या थोरल्या जाऊबाई चालवत होत्या. खणखणीत आवाज, एक ‘नमो मरिया’ इकडची तिकडे होऊ देणार नाहीत. मला तो आवाज सोसत नव्हता. याच आवाजात त्या मे महिन्यात पुतणीच्या हळदीला मला म्हणाल्या होत्या, “तू जरा मागं थांब गं.” आमचे हे जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. हळद मीच कालवली होती. पिवळी बोटं पदरात लपवून मी मांडवाच्या खांबामागं उभी राहिले.

चार पिढ्यांचा बाप्तिस्मा आहे आमच्या घरात. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन दमड्या प्रभूला श्रीमंतांच्या दानाहून मोठ्या वाटल्या, हे प्रवचनात ऐकताना सगळ्यांच्या माना डोलतात. मांडवात मात्र तिला मागं थांबवतात. मला याचा राग येतो, आणि तो राग घेऊनच मी मरियेकडे चालले होते.

देवळाली प्रवरा मागं पडलं आणि टाच पेटली. ऊन पडलं होतं, उसातून वाफ येत होती. दुसरं रहस्य चालू होतं, मरिया नात्यातल्या अलिशिबेला भेटायला डोंगराळ मुलखात जाते ते. बाया पुढं गेल्या. आवाज लांब लांब गेला. मी एका वस्तीच्या बांधावर बसले.

गोठ्यातून एक आजी आल्या. नऊवारी लुगडं, गळ्यात तुळशीची माळ. “असा पाय ओढत हरेगाव गाठायची नाहीस. काढ चप्पल.”

त्यांनी घमेल्यात कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं आणि माझे पाय स्वतःच्या हातांनी धुतले. बोटांच्या बेचक्यातला चिखलसुद्धा काढला. मला बोलवेना. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या आठवणीत पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. माझ्या लहानपणी ते बाराही पुरुष असायचे, आणि त्यांचे पाय पुसायचा टॉवेल आदल्या रात्री माझी आई धुऊन इस्त्री करून द्यायची. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, बायकांचेही पाय धुता येऊ लागले. तोवर आई गेली होती.

आजींनी सुई जाळावर धरली, पांढरा दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोन्हीकडं टोकं सोडली. “सोलायचा नाही फोड. दोरा पाणी ओढून घेतो. पंढरीच्या वाटेवर शिकले मी.” मग वाटीत खोबरेल तेल आणि हळद.

माझ्या तोंडून निघून गेलं, “आजी, मला हळद नको.”

त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं. “मालक नाहीत?”

“नाहीत.”

“माझेबी अकरा वर्सं झाली नाहीत. पाय इकडं कर.”

टाचेवर हळद बसली, थोडी घोट्यावर ओघळली. मी पोटभर रडले आणि त्यांनी रडू दिलं. बायबलमधल्या नामीची गोष्ट आठवली. नवरा गेला, दोन मुलगे गेले, ती म्हणाली मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, माझं आयुष्य कडू झालंय. तिच्याबरोबर चालत कोण आली? तिच्यासारखीच नवरा गेलेली सून. आणि पुढं गावच्या बायकांनीच नामीला सांगितलं, ही तुला सात मुलांहून अधिक आहे. गावच्या बायका! आपल्या तोंडी हे वाक्य कधी येतं का गं? दुसरीचं मोल आपण मोठ्यानं बोलून का दाखवत नाही?

निघताना आजींनी सुई-दोरा आणि हळदीची पुडी माझ्या पिशवीत टाकली.

प्रवरेच्या पुलावर बाया थांबल्या होत्या. “कुठं राहिलीस?” जाऊबाई वसकल्या. मी उत्तर दिलं नाही. श्रीरामपूर, मग हरेगाव. रांग, मेणबत्त्या, गर्दीतून क्षणभर दिसलेली मतमाउली. मागायचं ठरवलेलं सगळं विसरले.

रात्री मंडपात सतरंजीवर पडलो होतो. शेजारी जाऊबाई उठून बसल्या, मोबाइलच्या उजेडात तळपाय बघत होत्या. अंगठ्याखाली लिंबाएवढा फोड. दिवसभर तेवढ्यावरच जपमाळ चालवली होती त्यांनी.

“सुई आहे का गं तुझ्याकडं?”

मी दिली. त्यांना दोरा ओवता येईना, तीनदा चुकला. मग मी उठले, हळदीची पुडी काढली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.