मैदानाच्या मागच्या टोकाला

सभांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम मी नाशिकमध्ये बरीच वर्षे करीत आहे. २०२४ च्या लोकसभा प्रचारात, अनंत कान्हेरे मैदानावरील एका सभेत जे ऐकले, ते मात्र नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

लोकानुनयी वक्ता मुद्दा मांडण्यापेक्षा प्रश्न अधिक विचारतो. ‘भाव मिळाला का?’ असे विचारून तो थांबतो, आणि मैदानाने एकसुरात ‘नाही’ म्हटले की जनता बोलली असे त्याला म्हणता येते. हा एकसूर बऱ्याच अंशी आमच्या मिक्सरवर जुळतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तारेतून मात्र तो स्पीकरपर्यंत लगेच पोहोचतो. म्हणून मंचापासून ८५ मीटरवरच्या स्पीकरला आम्ही पाव सेकंदाचा डिले देतो, म्हणजे त्याचा आवाज तेवढा उशिरा सोडतो, एरवी मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

त्या संध्याकाळी जनरेटरचा पुरवठा क्षणभर तुटला आणि मागच्या यंत्रातली डिलेची नोंद पुसली गेली. मी धावत तिकडे गेलो. पुढून ‘नाही’ची गर्जना येत होती, मागे मात्र भाषण कळेनासे झाल्यामुळे निफाड-चांदवडकडचे शेतकरी आपसांत बोलू लागले होते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली तेव्हा हे कुठे होते, असे एक जण विचारत होता. दुसरा म्हणत होता की, साठवणुकीचे काय करणार ते तर कोणीच सांगत नाही.

मी पाव सेकंद पुन्हा भरला. पुढच्याच प्रश्नाला त्याच माणसांनी हात उंचावून ‘नाही’ म्हटले. ते फसले, असे मी म्हणणार नाही, कारण त्यांचे दुःख खरेच होते. पण क्षणापूर्वी ते नेत्याला प्रश्न विचारत होते आणि आता नेत्याच्या प्रश्नाला उत्तर देत होते, हा फरक मला फार मोठा वाटतो. आवाजाच्या सामर्थ्याविषयी बोलताना आपण केवळ वक्त्याच्या गळ्याकडे पाहतो, म्हणून हा फरक सहसा ध्यानात येत नाही.

वाहिन्यांना आम्ही दिलेल्या ध्वनीत गर्दीचा आवाज होता, तो मंचासमोरच्या कठड्यावरील दोन माइकचा. घोषणा तिथेच जोरात होतात, म्हणून आयोजक माइक तिथेच मागतात. मागच्या टोकाला माइक लावा, असे मला आजवर कोणत्याही पक्षाने सांगितलेले नाही.