लिबपीक्यू.एसओ.५ या नावावर विश्वास ठेवू नका

एका मशिनवर बिल्ड करायचं आणि तीच फाइल सगळ्या सर्व्हरवर टाकायची, ही पद्धत नुसत्या पायथन कोडसाठी झकास आहे. मध्ये सायकोपीजी२ (पायथनला पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारा) सारखा सी भाषेतला ड्रायव्हर आला की मात्र गंमत सुरू होते, कारण पोस्टग्रेसशी बोलायचं खरं काम लिबपीक्यू ही लायब्ररी करते आणि ती लिबपीक्यू प्रत्येक सर्व्हरवर कुणीतरी कधीतरी टाकून ठेवलेली असते. म्हणजे कंपाइल केलं एका व्हर्जनच्या हेडर फाइल्स घेऊन आणि चालणार भलत्याच व्हर्जनवर.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांचं यात बरंय, तिथे लायब्ररीच्या फाइलनावातला .एसओ नंतरचा आकडा बदलत जातो. ५.५ आणि ५.६ ची क्लायंट लायब्ररी .एसओ.१८, ५.७ ची .एसओ.२०, ८.० ची .एसओ.२१. आकडा जुळला नाही तर ड्रायव्हर लोडच होत नाही, सरळ बोंब मारतो. लोक यावर २१ च्या फाइलला २० नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) करून मोकळे होतात, आणि ते चालल्यासारखं दिसतं पण अहो, आकडा बदललाय म्हणजे बनवणाऱ्यांनीच सांगितलंय ना की आता जुनं बायनरी यावर चालवू नका म्हणून! तशी सिमलिंक दिसली की मी आधी ती उडवतो आणि मग बाकीचं बघतो.

लिबपीक्यू एकदम सज्जन. २००६ मध्ये पोस्टग्रेस ८.२ आलं तेव्हापासून आजपर्यंत तिचं नाव लिबपीक्यू.एसओ.५ च आहे. कारण चांगलं आहे, जुने फंक्शन काढत नाहीत, फक्त नवे घालतात. त्यामुळे जुना ड्रायव्हर नव्या लायब्ररीवर बिनधास्त चालतो. उलटं केलं की संपलं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सेंटओएस ७ हे लिनक्स. त्याच्यासोबत येणारं पोस्टग्रेस ९.२. बिल्ड मशिनवर कुणीतरी पीजीडीजी या पोस्टग्रेसवाल्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून नवीन व्हर्जन घातलेलं असतं, बिल्डला पोस्टग्रेस कुठे आहे ते सांगणारं पीजी_कॉन्फिग तिथलं सापडतं, बिल्ड हिरवं होतं, आणि बाकीच्या सर्व्हरवर इम्पोर्ट करताच येतं अनडिफाइन्ड सिम्बॉल (म्हणजे लायब्ररीत हे नाव सापडलं नाही), एलओ_ट्रंकेट६४. हे फंक्शन ९.३ मध्ये आलं, ९.२ मध्ये ते नाहीच. फाइलचं नाव दोन्हीकडे तेच असल्यामुळे लागणाऱ्या लायब्ररी फाइल्स सापडतात का ते दाखवणारं एलडीडी चालवून बघितलं तर सगळं सापडलं म्हणून सांगतं, आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

पण खरं सांगायचं तर ही चूक परवडते, निदान डिप्लॉय करतानाच कळतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे स्क्रॅम. पोस्टग्रेस १० मध्ये, २०१७ ला, स्क्रॅम-शा-२५६ ही पासवर्ड साठवायची आणि तपासायची नवी पद्धत आली आणि १४ पासून ती डिफॉल्ट झाली. सर्व्हर अपग्रेड केला तरी जुन्या एमडी५ पद्धतीने साठवलेले पासवर्ड तसेच राहतात, म्हणून सगळं मस्त चालू असतं, आणि मग काही आठवड्यांनी कुणीतरी त्या युजरचा पासवर्ड बदलतं, तो स्क्रॅममध्ये साठवला जातो, आणि ज्या मशिनवर १० च्या आधीची लिबपीक्यू आहे तेवढीच मशिन्स लॉगिन करायची बंद होतात. एरर काय तर ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड. यातला १० हा पोस्टग्रेसचा व्हर्जन नंबर नव्हे बरं का, तो प्रोटोकॉलमधला कोड आहे, योगायोगाने आकडा तोच आलाय आणि त्यावरून मीटिंगमध्ये वाद होतात.

सायकोपीजी२ मध्ये हे तपासायची सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. मोड्यूलवर दोन अंडरस्कोरवालं लिबपीक्यू_व्हर्जन असतं, ते कंपाइल करतानाचं, आणि एक्स्टेन्शन्समध्ये लिबपीक्यू_व्हर्जन नावाचं फंक्शन असतं, ते आत्ता मेमरीत कुठली लोड झालीय ते सांगतं. पहिलं १३०००४ आणि दुसरं १०००२३ आलं, की समजा १३.४ वर बिल्ड झालंय आणि १०.२३ वर चालतंय. हे दोन आकडे सर्व्हिस सुरू होताना लॉगमध्ये टाका. पण लॉगिन शेलमधून नव्हे, खऱ्या सर्व्हिसमधून, कारण लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारा एलडी_लायब्ररी_पाथ तुमच्या बॅश प्रोफाइलमध्ये असतो आणि ठरल्या वेळी जॉब चालवणारा क्रॉन किंवा सर्व्हिस चालू करणारा सिस्टमडी ते प्रोफाइल वाचतच नाही. हाताने चालवलं तर चालतं, रात्री क्रॉनमध्ये मरतं, ते बहुतेक यामुळेच.

पर्लवाल्यांना तर अजून एक खड्डा आहे. पायथन लोड करतानाच सगळे सिम्बॉल तपासतं, पर्ल डिफॉल्टने आळशी, फंक्शन पहिल्यांदा बोलावलं की तेव्हा शोधतं, म्हणजे जॉब दोन तास छान चालून मध्येच मरू शकतो. पर्ल_डीएल_नॉनलेझी=१ सेट केलं की लोड करतानाच कळतं. मेक टेस्ट हे सेट करूनच चालते, म्हणून टेस्ट ज्या मशिनवर चालवायचंय तिथे करा, बिल्ड मशिनवर करून उपयोग शून्य.

मग सगळं सोबतच पाठवलं तर? सायकोपीजी२-बायनरी तेच करतं, लिबपीक्यू आणि ओपनएसएसएल (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी) दोन्ही पोटात घेऊन येतं. लॅपटॉपवर मस्त. पण पायथनचं स्वतःचं एसएसएल मोड्यूल सिस्टमची ओपनएसएसएल लोड करतं, एका प्रोसेसमध्ये दोन झाल्या, आणि थ्रेड वाढले की सेगफॉल्ट, म्हणून तर २.७.४ मध्ये त्याचं पॅकेज वेगळं केलं आणि प्रॉडक्शनला सोर्सवरूनच बिल्ड करा असं डॉक्युमेंटेशनच सांगतं. शिवाय ओपनएसएसएलचा सिक्युरिटी पॅच सिस्टमवर आला तरी पोटातली कॉपी जुनीच राहते.

सगळ्यात जुन्या मशिनवर बिल्ड करा हा सल्ला जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीपुरता बरोबर आहे. सेंटओएस ७ ला २.१७, आरएचईएल ९ ला २.३४, जुन्यावर केलेलं नव्यावर चालतं. पण ओपनएसएसएलचं तसं नाही, ७ ला लिबएसएसएल.एसओ.१०, ८ ला १.१, ९ ला ३, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून माझं मत असं झालंय की सगळीकडे चालणारी एकच फाइल हा हट्टच सोडा, प्रत्येक ओएससाठी कंटेनरमध्ये वेगळी व्हील (पायथनचं आधीच बिल्ड केलेलं पॅकेज) बनवा आणि त्या ओएसच्या सगळ्या सर्व्हरवर लिबपीक्यूचं व्हर्जन पिन करून, म्हणजे एकच ठरवून ठेवा. कंटाळवाणं आहे, पण सीआयला, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेला, कंटाळा येत नाही.

ओरॅकलवाल्यांनी यातून बऱ्यापैकी सुटका करून घेतलीय. त्यांच्या पायथन ड्रायव्हरमध्ये, सीएक्स_ओरॅकल ६ पासून, ड्रायव्हर क्लायंट लायब्ररीला लिंकच होत नाही, चालताना उघडतो, त्यामुळे इन्स्टंट क्लायंट (ओरॅकलची क्लायंट लायब्ररी) कुठलंही असलं तरी बायनरी तेच. आणि २०२२ च्या पायथन-ओरॅकलडीबी मध्ये थिन मोडला क्लायंट लागतच नाही. फक्त डेटाबेस १२.१ किंवा पुढचा हवा. कुणाकडे अजून ११.२ असेल तर क्लायंट वापरणारा थिक मोड, इन्स्टंट क्लायंट आणि त्याला लागणारी लिबएआयओ लायब्ररी हे सगळं परत आलंच, आणि उबुंटू २४.०४ वर लिबएआयओ.एसओ.१ ची फाइल टी६४ शेपटी लावून येते, ती इन्स्टंट क्लायंटला सापडत नाही. तिथे मात्र सिमलिंकच करावी लागते, एवढी एक मी ठेवलीय.