बार्शी लाइट आणि शेंद्रीचे आजोबा

जुन्या छोट्या गाड्यांबद्दल लोक इतकं हळवं लिहितात की हल्ली मला ते वाचवत नाही. त्यातल्या बहुतेकांनी मे महिन्यात त्या डब्यात बसून घाम गाळलेला नसतो. मीही गाळलेला नाही. तरीपण 'बार्शी लाइट', म्हणजे कुर्डूवाडीहून बार्शीला जाणारी जुनी छोटी रेल्वे, म्हटलं की मलाही काहीतरी होतं, म्हणून लातूरला जाताना वाट वाकडी करून शेंद्रीला उतरलो.

कुर्डूवाडीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. जनरल डब्यात उभा होतो, एवढंच. शेंद्री हे बार्शीच्या अलीकडचं स्टेशन. फलाट, पाटी, बाकं, आजूबाजूला ज्वारी. चहा नाही. चहा नसलेल्या स्टेशनाला स्टेशन म्हणावं का, हा माझा जुना वाद आहे.

बाकावर धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते. कुर्डूवाडीकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत होते. मी इथे का उतरलोय हे कळल्यावर त्यांनी मला खालपासून वर न्याहाळलं. "त्या गाडीसाठी? आवो पावणं, ती गेली ते बरंच झालं."

मी वाचलेलं सगळं त्यांना ऐकवायला लागलो. मुंबईची मोठी लाइन 1860 साली सोलापूरला पोचली, पण बार्शीची बाजारपेठ तिच्यापासून लांबच राहिली. कापूस आणि धान्याचा एवढा व्यापार, आणि माल न्यायचा बैलगाडीने. मग एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली लाइन काढली. 1897 साली ती बार्शीपर्यंत आली, 1906 साली पंढरपूरला, 1911 साली लातूरला, आणि मिरजेला जायला 1927 उजाडलं. कुर्डूवाडीच्या स्टेशनाला तेव्हा 'बार्शी रोड' म्हणत. कॅल्थ्रॉपचा हिशोब मला फार आवडतो. पैसा वाचवायचा तर रूळ हलके हवेत, आणि रूळ हलके तर कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार नको. म्हणून इंजिनाला एकमेकांना जोडलेल्या चाकांच्या चार जोड्या, म्हणजे वजन वाटलं जातं आणि ओढही कमी पडत नाही. याच माणसाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. भार हलका कसा करायचा, हे काही त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भार कसला हलका? आमच्या बाच्या पाठीवर व्हता की तो."

त्यांचे वडील कुर्डूवाडीला हमाल होते. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर जात नाही, त्यामुळे मुंबईला जाणारं प्रत्येक पोतं तिथे उतरवायचं आणि मोठ्या लाइनीच्या डब्यात चढवायचं. येणारा मालही तसाच, उलट्या बाजूने. तूर, शेंगा, सरकी, खत, सिमेंट. शंभर किलोचं पोतं, हातात पोतं ओढायचा लोखंडी आकडा, दिवसभर हेच. "दोन रुळांतल्या फरकावर आमचं घर चाललं. बा म्हणायचा, ह्यो फरक मिटला तर आपली चूल विझंल." चूल विझली नाही. मुलांना त्यांनी शिकवलं आणि एक मुलगा आज पुण्यात नोकरीला आहे.

1954 साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी पोती उतरवणं-चढवणं सुरूच राहिलं. या भागातले रूळ रुंद झाले ते एकविसाव्या शतकात. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ बार्शीच्या मालाला दोनदा हमाली पडली. 1897 मधली बचत शेवटी कोणाच्या खिशातून आणि कोणाच्या कण्यातून गेली, हे माझ्या वाचनात कुठे आलं नव्हतं. कंपनी लंडनची. तिच्या हिशोबात हे खातं असण्याचं कारणही नव्हतं म्हणा.

मी विचारलं, आषाढीला काय व्हायचं? "मालडब्यातबी वारकरी. उभ्यानं. बायका, लेकरं, सगळी. विठ्ठल विठ्ठल म्हनत जायची, म्हनून त्रास जानवत नसंल." हसले. मला हसू आलं नाही; तेवढ्यात माझं जनरल डब्याचं रडगाणं मात्र आठवलं.

शेवटी मी माझा लाडका प्रश्न काढलाच. माथेरानला चालवतात तशी इथे हौशी लोकांसाठी एखादी छोटी गाडी ठेवायला हवी होती, नाही का?

"चालवा की," आजोबा उठत म्हणाले. त्यांची गाडी दिसायला लागली होती. "हमाल तेवढं तुमचं तुमी आना."

मला पुढची गाडी बराच वेळ नव्हती. रस्त्यावर येऊन टमटम धरली, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर लटकत बार्शी गाठली आणि भगवंताच्या देवळाजवळ आधी चहा प्यायलो. लातूरला पोचायला रात्र झाली.