पुराचा अभ्यास कुठे करावा?

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा मी बारावीत होते आणि आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली होता. पुढे स्थापत्य अभियांत्रिकी शिकताना जलविज्ञानाकडे वळायचे हे मनात पक्के झाले, आणि पदवीनंतर जर्मनीत मास्टर्स करण्याचा विचार सुरू झाला.

ज्या कन्सल्टंटकडे मी प्रथम गेले, त्यांनी विषय न विचारताच जागतिक क्रमवारीची यादी पुढे ठेवली. त्या यादीत मी दोन महिने वाया घालवले, याची आजही खंत वाटते. खरी मदत झाली ती प्रत्येक अभ्यासक्रमाच्या मॉड्यूल हँडबुकची. कोणत्या सेमिस्टरला काय शिकवतात, किती क्रेडिट आहेत आणि परीक्षा कशी घेतात, हे सारे त्यात दिलेले असते.

अखेर दोन इंग्रजी अभ्यासक्रम उरले: श्टुटगार्ट विद्यापीठाचा ‘वॉरेम’ (जलसंपदा अभियांत्रिकी व व्यवस्थापन) आणि ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाचा ‘हायड्रो सायन्स अँड इंजिनिअरिंग’. श्टुटगार्टमध्ये भूजल व प्रवाहाच्या संगणकीय प्रतिमानांवर मोठे काम चालते आणि त्याची ओढ मला होतीच. मात्र श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क आहे, म्हणजे चार सेमिस्टरचे ६,००० युरो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे होते. ते पैसे राहण्या-जेवणासाठी दरमहा ९९२ याप्रमाणे आपल्यालाच परत मिळतात, शुल्काचे मात्र तसे नाही, हा फरक बाबांसोबत वहीत हिशेब मांडताना प्रथमच नीट उमगला.

ड्रेस्डेन स्वस्त पडत असले, तरी केवळ पैशासाठी मी तिकडे झुकले नाही. तिथे हवामानशास्त्र, जलविज्ञान आणि जलसंरचना एकाच अभ्यासक्रमात आहेत, आणि पुराचा प्रश्न मला याच क्रमाने समजून घ्यायचा आहे: पाऊस किती पडला, नदीत किती उतरला, आणि धरणातून ते पाणी केव्हा सोडले. शिवाय ड्रेस्डेनने स्वतः पूर सोसला आहे. २००२च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एल्ब नदीची पातळी ९.४० मीटरवर गेली होती. त्याआधी काही दिवस वाइसेरिट्झ ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पात्र वळवलेली छोटी नदी आपल्या जुन्या पात्रात परतली होती आणि तिचे पाणी थेट मुख्य रेल्वे स्थानकात शिरले होते. हे वाचताना मला आमच्या गावठाणातले, नदीची जुनी वाट अचूक सांगणारे म्हातारे आठवले.

शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी झाल्याचे एपीएस प्रमाणपत्र असल्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नसल्याने ते काम मी सर्वांत आधी उरकले. अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी तिथल्या पूरग्रस्तांशी आणि पालिकेच्या अभियंत्यांशी मला त्यांच्याच भाषेत बोलायचे आहे, म्हणून सध्या रोज सकाळी जर्मनचा वर्ग करते.