फॉक्सपी-थ्री दिसला म्हणजे टी-रेग सापडली, असं नाही

रावेर-यावलकडे टिश्यू कल्चरची जी-नाइन केळी लावणाऱ्याला जनुक-नियंत्रण निराळं शिकवावं लागत नाही. झाडाच्या मुळांत जी जनुकं तीच पानांत. कुठलं चालू नि कुठलं बंद, एवढाच फरक. टी-पेशींचंही, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचंही, तसंच.

टी-पेशी थायमस या छातीतल्या ग्रंथीत तयार होतात. तिथल्या काही पेशी एअर या जनुकाच्या जोरावर इन्सुलिनसारखी शरीरातल्या इतर अवयवांची प्रथिनं थोडीथोडी बनवतात. त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या कोवळ्या टी-पेशी बहुतेक तिथेच मरतात. निसटलेल्यांना आवरतात नियामक टी-पेशी, म्हणजे टी-रेग. रक्तातल्या सीडी-४ पेशींपैकी (अंगावर सीडी-४ हे प्रथिन असलेल्या टी-पेशी) साधारण ५ ते १० टक्के. शेतातला जागल्याच, फक्त याची नजर घरच्यांवर.

या जागल्याचं बटण म्हणजे एक्स गुणसूत्रावरचं फॉक्सपी-थ्री हे जनुक (त्याच्या प्रथिनालाही हेच नाव). ते बिघडलं की मुलग्यांना तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, मधुमेह, इसब: या आजाराचं नाव आयपेक्स. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं ते याच धाग्यासाठी.

घोळ होतो तो टी-रेग मोजताना. माणसाची साधी टी-पेशी चेतवली की तिच्यातही फॉक्सपी-थ्री काही काळ उमटतो. टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन घालून प्रयोगशाळेतल्या बशीत तयार केलेल्या टी-रेगही फॉक्सपी-थ्रीच्या रंगात झकास दिसतात, पण त्यांचं बटण दाबून धरलेलं असतं, अडकवलेलं नसतं. हात काढला की बंद. खऱ्या टी-रेगमध्ये या जनुकाच्या सीएनएस-२ या नियंत्रक भागावरचे मिथाइल गट (डीएनएवर बसून जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) निघालेले असतात. म्हणून डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करून तो भाग तपासावा. मिथाइल नसलेला सायटोसिन (डीएनएचं एक अक्षर) बदलून पीसीआरनंतर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवल्यावर, थायमिन या दुसऱ्या अक्षरासारखा वाचला जातो, मिथाइल असलेला तसाच राहतो. नमुना स्त्रीचा असेल तर मिथाइल नसलेल्या प्रतींचा आकडा दुप्पट करा: तिचा एक एक्स निष्क्रिय असतो आणि त्यावरचे मिथाइल गट जागेवरच राहतात. हे विसरलं की शुद्ध टी-रेगसुद्धा अर्ध्याच भरतात.

फ्लो सायटोमेट्री (रंगवलेल्या पेशी एकेक करून लेसरसमोरून मोजणं) करायची तर पेशीवरच्या प्रथिनांवरून सीडी-४, जास्त सीडी-२५ आणि कमी सीडी-१२७ अशी निवड करा. फॉक्सपी-थ्री केंद्रकात असतो, तेव्हा केंद्रकापर्यंत छिद्रं पाडणारा बफरच हवा. मेलेल्या पेशींना अँटीबॉडी उगाच चिकटतात. जिवंत-मृत ओळखणारा रंग पेशी रसायनाने स्थिर करण्याआधी घाला. भुसावळहून मे महिन्यात ४५ अंशांत रक्ताचा नमुना पाठवताना बर्फ नको, ऊनही नको: हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत, १८ ते २५ अंश, २४ तासांच्या आत. डीएनए तपासणीसाठी मात्र ईडीटीएची (असंच दुसरं द्रव्य) नळी, कारण हेपॅरिन पीसीआर अडवतं.